आहे तशी : महिंद्रा एफसी-१५० पिकअप, प्रकल्प नोंदी

१६ फेब्रुवारी २०२५

कागल तालुक्यातलं एक गुऱ्हाळ. शेडच्या मागे "नाक नसलेली जीप" उभी आहे असं कानावर आलं होतं, म्हणून रविवारी सकाळी निघाले. चिपाडाच्या ढिगाला टेकून उभी होती. महिंद्रा एफसी-१५०, १९७१ चं पासिंग. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. बोनेट नाहीच. दोन सीटांच्या मध्ये पत्र्याचा डबा, आणि त्या डब्याखाली जीपचं इंजिन. चालक इंजिनाला मांडी लावूनच बसतो. मूळ रेखाटन ब्रुक्स स्टीव्हन्स या अमेरिकन डिझायनरचं. तिकडे अमेरिकेत जीपवाल्या विलीज कंपनीची ही गाडी १९६५ च्या सुमारास थांबली आणि इकडे महिंद्राने त्याच वर्षी ती बनवायला घेतली.

मालक तात्या, वय ७८. मी डबा उचलायच्या आत त्यांनी अट घातली. "डिझेल टाकायचं असंल तर आत्ताच सांग पोरी. मग मी देत न्हाई."

मी डबा उचलला. खाली मूळ पेट्रोल इंजिन, विलीजचं हरिकेन. बराच वेळ मी नुसती बघत उभी राहिले.

ज्यांनी जुन्या जीप शोधल्या आहेत त्यांना कळेल. १९७३ नंतर पेट्रोल महागलं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत शेतकऱ्यांनी, वडापवाल्यांनी जीपमधली पेट्रोल इंजिनं उपटून डिझेल बसवली. कुणी प्यूजो टाकलं, कुणी मॅटाडोरचं. पोट भरायचं होतं, त्यांचं काही चुकलं नाही. पण त्यामुळे आज शंभर जुन्या जीप बघाव्यात तेव्हा एखादीत मूळ इंजिन सापडतं. एफसीत तर मी पहिल्यांदाच बघत होते.

लोहचुंबक फडक्यात गुंडाळून सगळ्या पत्र्यावर फिरवलं. लांबी (पुटी) कुठेच भरलेली नाही, चुंबक सगळीकडे चिकटतं. चालकाच्या पायाखालचा पत्रा सडलाय. हौद्याचे मागचे दोन कोपरे गेलेत. गुळाचे रवे वाहिले, काकवी झिरपली, त्यावर पावसाळे गेले. रंग मूळचा, मळकट हिरवा, टपावर उन्हाने पांढुरका झालेला. दारावर पेंटरने हाताने लिहिलेलं गुऱ्हाळाचं नाव आणि गाव, पिवळ्या अक्षरांत, लाल सावली देऊन. चालकाचं दार बाहेरून उघडत नाही. मी खिडकीतून हात घालून आतून उघडलं.

२३ फेब्रुवारी

आज फक्त नंबर आणि कागद. चेसिसवरचा नंबर तारेच्या ब्रशने साफ केला, वर पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी घासली. आकडे एकेक करत वर आले. ब्लॉकच्या पुढच्या बाजूला पाण्याच्या पंपाजवळ इंजिन नंबर असतो, तोही तसाच घेतला. तात्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून आरसी बुक काढलं. जुनं छापील बुक, शाईने भरलेलं. दोन्ही नंबर तंतोतंत. प्रकाराच्या रकान्यात पिकअप, पुढे खासगी.

तो "खासगी" शब्द मी दोनदा वाचला. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नासहून जास्त वर्षं झालेली, खासगी वापराची, आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल न झालेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. धंद्याच्या नोंदणीचा पिकअप बसत नाही. म्हणजे इंजिनाइतकाच हा रकानाही मोलाचा. जुना टेम्पो, पिकअप घ्यायला जाणाऱ्यांनी आधी बुक बघावं, मग पत्रा.

नोंदणीची मुदत मात्र २०२२ मध्ये संपलेली. गाडी तेव्हापासून बंद.

३० मार्च, गुढीपाडवा

१,८५,००० रुपये. मुहूर्तावर व्यवहार व्हावा ही तात्यांची इच्छा. काकूंनी समोरच्या काचेला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. सोबत एक पोतं मिळालं. त्यात बॅटरी चार्ज करणारा मूळचा डायनामो, त्याचा कटआउट, हबची एक टोपी आणि हातात न मावणारा चाकाचा पाना. मधल्या काळात कुणीतरी त्याच्या जागी अल्टरनेटर बसवला होता, पण तात्यांनी डायनामो भंगारात घातला नाही.

इथे 'बदल' कशाला म्हणायचं याची माझी व्याख्या लिहून ठेवते, कारण पुढे प्रत्येक कामाला ती लागणार आहे. जे नटबोल्ट काढून पूर्ववत करता येतं तो बदल नाही. अल्टरनेटर काढला, डायनामो चढवला, झालं. जिथे कापलं, जोडलं, घासून काढलं, तिथे मूळ गोष्ट परत येत नाही. त्यामुळे कापणं नाही, घासणं नाही, आणि झिजलेलं पण चालणारं ते बदलणं नाही.

टोचण करून घरी आणली. कागल ते कोल्हापूर तीन तास लागले, कारण ब्रेक एका चाकाला लागत होता आणि तीन चाकांना नाही.

६ एप्रिल

कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजून घेतलं. चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून. ११०, १०५, ६५, १०८ पौंड. तिसरा सिलिंडर बसलेला. त्यात चमचाभर इंजिन ऑइल ओतून पुन्हा घेतलं, ६८ आलं. रिंगा झिजल्या असत्या तर तेलाने फट बुजून आकडा चांगला वर गेला असता. गेला नाही, म्हणजे रोग व्हॉल्व्हमध्ये.

हरिकेनची रचना माझ्या विद्यार्थ्यांना मी फळ्यावर शिकवत आले आहे (मी पॉलिटेक्निकात मशिन शॉपला आहे), पण हाताखाली पहिल्यांदा आली. इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. वरून बघितलं तर चारच व्हॉल्व्ह दिसतात. बाकीचे चार ब्लॉकच्या बाजूच्या झाकणाआड, एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डखाली. जीपमध्ये मडगार्डवरून वाकून हात पोचतो. एफसीत चालकाच्या सीटवर उलटं बसून, डोकं डब्यात घालून काम करावं लागतं. संध्याकाळी मान वळत नव्हती.

१३ एप्रिल

हेड उतरवलं. मदतीला तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी. सगळे बोल्ट निघाले, तरी हेड जागचं हलेना. तो पहार घ्यायला धावला. त्याला थांबवलं, कार्बोरेटर काढायला लावला आणि त्याच्या खालच्या भोकात बॅटरी मारायला सांगितली. खाली अंधारात काजळी धरलेला एक बोल्ट. या इंजिनात हेडचा एक बोल्ट इनटेकच्या वाटेत, कार्बोरेटरच्या बुडाशी असतो. तो विसरून पहार लावल्याने किती हेडं तडकली असतील! पोरगा म्हणाला, "मॅडम, हे पुस्तकात का नाही?" आहे. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आहे. त्याला वाचायला दिलं.

तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालेला. कडेला नखाएवढा तुकडा खाल्ला गेलाय, बाजूला सीटवर तांबूस पट्टा. बाकीचे तीन ठीक.

बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मोजला. मूळ माप सव्वातीन इंचांहून एक सूत कमी, म्हणजे ७९.४ मिलिमीटर. सगळ्यात जास्त झीज ५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). पन्नास वर्षांत एकदाही बोअरिंग झालेलं नाही.

२७ एप्रिल

शिवाजी उद्यमनगर. कोल्हापुरात जुनं इंजिन सांभाळणाऱ्याचं भाग्य म्हणजे उद्यमनगर. फाउंड्री, लेथ, बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, सगळं चार गल्ल्यांत. व्हॉल्व्ह बाजारात नवा मिळाला, कारण जीपचे भाग अजून बनतात. सीट ब्लॉकमध्ये असल्याने इंजिन न उतरवता कटर मारता येतो. मिस्त्री पेटी घेऊन घरी आले. वय साठीच्या पुढे, चष्मा दोऱ्याने बांधलेला. सीट हाताने कापली, मग पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासायला बसले. दोन तळव्यांमध्ये काठी धरून रवीसारखी अर्धी इकडे, अर्धी तिकडे, मधूनच उचलून पुन्हा. बराच वेळ कुणी बोललं नाही. पुसून दाखवलं तेव्हा व्हॉल्व्हवर आणि सीटवर सारखीच राखाडी कड उठली होती, कुठे खंड नाही.

मी विचारलं, आता हेड उघडलंच आहे तर पिस्टन, रिंगा करून टाकायच्या का? त्यांनी बोअरमध्ये बोट फिरवलं. "चांगल्या अंगाला सुई कशाला लावायची ताई?"

लावली नाही.

४ मे

हेड चढवलं. बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, तीन फेऱ्यांत, ६५ फूट-पौंडांवर. तो आतला बोल्ट विसरला नाही. टॅपेटची फट थंड इंजिनावर, इनटेक १८ थाऊ, एक्झॉस्ट १६. वरचे चार अर्ध्या तासात. खालचे चार दुपारी दोनपासून सातपर्यंत.

११ मे

सुरू झाली.

फायरिंग ऑर्डर १-३-४-२ लावून, पॉइंट घासून, नवा कंडेन्सर टाकून. पेट्रोल बाटलीतून दिलं, टाकीवर अजून भरवसा नाही. चौथ्या सेल्फला एकदा खोकली, धूर, मग थांबली. चोक अर्धा आत ढकलला आणि पुन्हा. या वेळी लागली ती लागलीच. आवाज संथ, खालच्या पट्टीतला. तेलाचा दाब इंजिन गरम झाल्यावर ३० च्या वर. कॉम्प्रेशन आता ११०, १०८, ११२, १०८.

तात्यांना फोन करून फोन इंजिनाजवळ धरला. ते बराच वेळ ऐकत राहिले, मग म्हणाले, "चोक सगळा आत ढकल. आवाजावरनं कळतंय, अजून उघडा हाय."

खरंच होता.

१८ मे

गंज. हौद्याच्या साखळ्या, फाळक्याच्या बिजागऱ्या, खिळे-बोल्ट, ब्रेकच्या पट्ट्या. बाजारातल्या ॲसिडने गंजाबरोबर चांगलं लोखंडही खाल्लं जातं. तात्यांच्या गुऱ्हाळातली आंबलेली काकवी दोन डबे आणली. एक भाग काकवी, नऊ भाग पाणी, प्लास्टिकचं पिंप, झाकण. उसाच्या रसातली द्रव्यं गंजाला धरून सोडवतात आणि कोऱ्या लोखंडाला फारसं शिवत नाहीत. फक्त ॲल्युमिनियम किंवा जस्ताचं ओतीव काही त्यात घालायचं नाही, ते खराब होतं. म्हणून कार्बोरेटर आणि पंप याच्या जवळही नेले नाहीत.

वरती फेस आलाय आणि वास असा आहे की शेजारच्या काकूंनी विचारलं, ऊस लावलाय का घरात.

३० मे

बारा दिवस झाले. बिजागरी बाहेर काढून पाण्याखाली धरली. काळा चिखल वाहून गेला आणि आतून राखाडी, शुद्ध लोखंड. कारखान्यात मारलेल्या हातोडीच्या खुणासुद्धा दिसतात. लगेच वाळवून ग्रीस लावलं, नाहीतर तासाभरात लालसर छटा येते. जी गाडी गुळाने गंजली तिचा गंज काकवीने काढला, याचं मला फार समाधान वाटलं.

८ जून

पाऊस सुरू. टाकी उतरवून साफ केली, आत मूठभर गंज आणि एक गांधीलमाशीचं घर.

पेट्रोलबद्दल. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलंच मिळतं. १९७१ च्या रबराला ते सोसत नाही. नळ्या फुगतात, पंपाचा पडदा मऊ होतो, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीच्या तळाला पाणी. नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या टाकल्या, बाहेरून काळ्याच, जुन्यासारख्या दिसणाऱ्या. पंपाचा पडदा बदलला, पंपाची काचेची वाटी मूळचीच ठेवली. तिच्यात पाणी साठलं तर डोळ्यांना दिसतं, हा त्या वाटीचा आज नव्याने कळलेला उपयोग. बंद ठेवायची असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवायचे.

ब्रेक. चारही चाकं ड्रम, एकच मास्टर सिलिंडर, एकच वाट. कुठेही गळलं तर चारही चाकांचा ब्रेक जातो. अंगणातच पॅडल एकदम तळाला गेलं आणि गाडी तुळशी वृंदावनापासून हातभर अंतरावर हँडब्रेकवर थांबली. चाकाचे सिलिंडर आतून खड्डे पडलेले. नवे टाकण्याऐवजी उद्यमनगरात पितळेच्या बाह्या (स्लीव्ह) बसवून घेतल्या, रबर नवे. बाहेरून मूळचे, आतून गंजणार नाहीत असे. ब्रेकच्या बाबतीत मी हट्ट करत नाही. एकही पत्रा, नळी, रबर शंकास्पद वाटलं की बदलायचं.

जुलै

काही नाही. पाऊस. दर रविवारी काचा उघडून हवा खेळवली, इंजिन पंधरा मिनिटं चालवलं. दाराच्या कुलपाचं बघायचंय, कामांच्या यादीत ते पहिल्या दिवसापासून आहे. बाहेरून मूठ फिरते पण जीभ सुटत नाही. दोनदा उघडून ग्रीस घातलं, फरक नाही.

१० ऑगस्ट

आजची नोंद लिहायला जड जातंय.

चालकाच्या पायाखालचा सडलेला पत्रा बदलायला गाडी एका गॅरेजमध्ये दिली होती. तेवढाच तुकडा, बाकी कशालाही हात नाही, असं सांगून. संध्याकाळी गेले तर एक मुलगा डाव्या दारावर घासणी मशिन चालवत होता. "मालक म्हणाले, घ्याच करून, बाईंना चकाचक देऊ." मोफत करत होते. चांगल्या मनाने करत होते.

मी ओरडले, मशिन थांबलं. तोपर्यंत गुऱ्हाळाच्या नावातली पहिली तीन अक्षरं गेली होती. चौथ्या अक्षराचा काना उरला, त्याची लाल सावली उरली. घासलेल्या जागी कोरा चकचकीत पत्रा, आणि कडेला रंगाचे थर झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे: वर हिरवा, खाली तपकिरी प्रायमर, मग लोखंड. थर तेवढेच. या गाडीला कधीच दुसरा रंग लागला नव्हता, हे मला त्या जखमेतून कळलं.

पायाखालचा पत्रा मात्र उत्तम जोडलाय. जोड खालून दिसतो, वरून नाही. पैसे देऊन गाडी घेऊन आले. रस्त्यात काही बोलवेना.

१५ ऑगस्ट

चार दिवस विचार केला. पेंटर म्हणतो, उरलेल्या अक्षरांवरून गेलेली हुबेहूब लिहून देतो. त्याचा हात चांगला आहे. पण ती त्याची अक्षरं होतील. १९७१-७२ मध्ये कुण्या पेंटरने गुऱ्हाळाच्या दारात बसून, ब्रशच्या एका दाबात वेलांटी ओढली होती. उजव्या दारावरचं नाव शाबूत आहे, तिथे ती वेलांटी रोज बघता येते. डाव्या दाराला फक्त गंज धरू नये म्हणून पारदर्शक मेण लावलं. कोरा पत्रा कोराच दिसेल. माझ्या हातून गाडीचं काय झालं तेही तिच्यावर राहू दे.

आतापासून गाडी कुठेही एकटी ठेवायची नाही.

१४ सप्टेंबर

नोंदणीचं ठरवलं. दोन वाटा आहेत.

व्हिंटेज नोंदणी: आधीच नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर तोच राहतो, नव्याने नोंद होणाऱ्यांना "व्हीए" मालिका मिळते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००, मुदत दहा वर्षं. पण मग रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच.

साधी खासगी नोंदणी: दर पाच वर्षांनी नूतनीकरण, तपासणी, पर्यावरण कर. आणि २० वर्षांवरच्या गाड्यांची फी या ऑगस्टमध्येच वाढली, हलक्या चारचाकीला १०,०००.

महागडी वाट घेतली. ही गाडी शेतावर जायला बनवली होती. रविवारी शेतावर चार पोती खत घेऊन गेली नाही तर मी तिचं काय जपलं? मूळ अवस्थेत तिचं चालणंही येतं.

२२ सप्टेंबर

पासिंग झालं. जुनं बुक संगणकावर चढवायला आधी तीन चकरा झाल्या होत्या, आज फक्त गाडी दाखवायची होती. इन्स्पेक्टर साहेबांनी दिवे, हॉर्न, वायपर, ब्रेक बघितले. चेसिस नंबर शोधायला ते खाली वाकले तेव्हा मी पेन्सिलीचा कागद पुढे केला. त्यांनी ताडून बघितला, मग डबा उघडायला सांगितला. "पेट्रोलच आहे की हो!" असं म्हणून त्यांनी बाजूच्या दोघांना बोलावलं. रांगेतले रिक्षावालेही आले.

येताना रंकाळ्यावरून घरी. लिटरला ७ किलोमीटर. तासाला ५० च्या वर नेत नाही, रिकामा हौदा मागे हलका असतो आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक जपून लावावा लागतो.

२ ऑक्टोबर, दसरा

काल खंडेनवमीला पाने, फिलर गेज आणि मिस्त्रींनी ठेवून दिलेली व्हॉल्व्ह घासायची काठी पूजेत मांडली. आज झेंडूची माळ घालून गाडी कागलला नेली. पोतं रिकामं आहे, डायनामो जागेवर चढलाय, कटआउटही.

तात्या ओसरीवर होते. सोनं दिलं, पाया पडले. ते गाडीभोवती एकदा फिरले. डाव्या दारापाशी थांबले, कोऱ्या पत्र्यावरून तळवा फिरवला. मी झालेलं सगळं सांगितलं. "पत्रा थंड लागतोय," एवढंच म्हणाले.

मग चालकाच्या बाजूला गेले. मी खिडकीतून हात घालून दार उघडायला पुढे होणार तेवढ्यात त्यांनी गुडघा दाराच्या खालच्या कोपऱ्याला टेकवला, मूठ धरून दार तसूभर वर उचललं आणि फिरवली. दार उघडलं. मला दोनदा करून दाखवलं. तिसऱ्यांदा माझ्याकडून करून घेतलं.

रात्री घरी येऊन कामांच्या यादीतून दाराचं कुलूप खोडलं.